दुर्गपर्यंतचा स्वेटर

मोठी आई अंतर टाक्यांत मोजायची. दवनीवाड्याहून गोंदियापर्यंतची बस म्हणजे बाळाचा एक मोजा. गोंदिया ते नागपूर म्हणजे मोठ्या माणसाचा मफलर, तोही गाडी रखडली तर. किलोमीटर तिला विचारून उपयोग नसे.

ती माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. मी गोंदियातल्या इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. सुट्टीत गावी गेले की ती माझ्या हातात लोकरीचा गुंडा द्यायची आणि शेजारणींना सांगायची, "एवढी फी भरून पोरगी चूप बसाले शिकली." मला राग यायचा. पण तिच्याजवळ बसलं की बोलावं लागत नसे, म्हणून मी बसायचे.

चुकलेलं विणकाम ती झाकायची नाही. दहा ओळी पुढे गेल्यावर चूक दिसली तरी सुई काढून घ्यायची आणि ओढायला लागायची. माझं तर तिने इतक्यांदा उसवलं की माझा पहिला मफलर विणण्यातच दोन हिवाळे गेले.

हा नियम फक्त लोकरीला होता. तिच्या एकुलत्या मुलीने, वर्षाताईने, घरी न विचारता छत्तीसगडातल्या दुर्गच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा 'तुझ्या दारात पाय ठेवणार नाही' असं मोठी आई बोलून गेली होती, आणि दोन वर्षं त्या बोलण्याला धरून बसली होती. ताईला मुलगी झाल्याचा फोन आला तेव्हाही ती गेली नाही. सहा महिन्यांनी उष्टावणाचं बोलावणं आलं. धान नुकतंच मळून घरात आलं होतं. त्याच संध्याकाळी तिने पिवळी लोकर काढली. नातीकडे जाईन तर हातचा स्वेटर घेऊनच, नाही तर जाणार नाही, एवढंच म्हणाली. वेळ कमी म्हणून मोठ्या बाबांनी बाजारातून तयार स्वेटर आणला. तो तिने त्यांच्याच उशाशी ठेवला. "तुम्हीच घाला."

मोठे बाबा आदल्या दिवशी पुढे गेले. आम्ही दोघी रेल्वेने निघालो तेव्हा एक बाही आणि गळा बाकी होता. डोंगरगडपर्यंत बाही, दुर्गपर्यंत गळा, असा तिचा हिशेब. त्यासाठी खिडकीचा उजेड हवा होता आणि तिथे एक गृहस्थ बसले होते. तिने मला कोपराने ढोसलं. मी "भैया" म्हटलं आणि अडकले. ती माझ्याकडे बघत राहिली. शेवटी मी उरलेलं वाक्य बोलले आणि ते लगेच उठले. मोठी आई खिडकीशी सरकत म्हणाली, "पाह्य, बोलली तं मेली काय तू?"

दरेकशाच्या बोगद्यात डब्यात अंधार झाला, तरी तिच्या सुयांचा आवाज थांबला नाही. मला कौतुक वाटलं. डोंगरगडला तिने दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवल्या. दुसरी बाही रुंद झाली होती. जिथे टाके घटवायचे, तिथे बोगदा होता.

राहू दे, शिवणीत दाबून टाकू, कोणाला दिसणार आहे, असं मी म्हटलं.

"वर्षाले दिसन. तिले मीच शिकवलं."

आणि तिने डोंगरगडपासून मागे दरेकशापर्यंत सगळं उसवलं. राजनांदगाव गेलं तेव्हा बाही पुन्हा कोपरापर्यंत आली होती. दुर्गला उतरलो तेव्हा बाह्या शिवून झाल्या होत्या, पण गळा सुयांवरच होता. ती फलाटावरच्या बाकावर बसली. माझा फोन वाजला, ताईचा होता. "सांग तिले, गळा राहिला," ती म्हणाली. मी तसंच सांगितलं. पलीकडून फोन बंद झाला.

दहा मिनिटांनी ताई मुलीला कडेवर घेऊन फलाटावर आली. मोठ्या आईने मान वर केली नाही. "अकरा टाके राहिले. गुंडा धर."

ताईने मुलगी माझ्याकडे दिली, बाकावर बसली आणि गुंडा धरला. तिची बोटं बाहीवरून फिरली आणि एका जागी थांबली. उसवून पुन्हा विणलेली लोकर थोडी वाकडी राहते.

"इथं उसवलं काय?"

"हो. चुकलं होतं माझं." मोठ्या आईने टाका ओढला. "उसवाले लाज कायची?"

ताई गुंड्यातून लोकर सोडत राहिली. अकरा टाके संपले. पिवळा स्वेटर घातलेली नात कडेवर पुढे आणि मोठी आई मागे, अशा आम्ही ताईच्या दारातून आत गेलो.

मोठ्या आईला जाऊन वर्ष झालं. तिच्या सुया माझ्याकडे आल्या. मागच्या महिन्यात ताईने एक पाकीट पाठवलं. स्वेटर लेकीला आखूड झाला म्हणून तिने तो उसवला होता, सगळी लोकर नीट गुंडाळून. तिच्यात थोडी हिरवी मिसळून मी मोठा स्वेटर विणायला घेतला. आज तो घेऊन दुर्गला निघाले आहे. खिडकी मी मागून घेतली. बोगद्यात सुया खाली ठेवल्या, तेवढी तिच्यापेक्षा शहाणी.

राजनांदगाव गेलं आणि गळा राहिला आहे. ताईला तसं कळवलं. ती फलाटावर येते म्हणाली.