सुकलाल आबांचा केळीचा घड

सुकलाल आबांसारखा मोठ्या मनाचा माणूस आमच्या चर्चच्या मंडळीत दुसरा नाही, असं धुळ्याच्या देवपुरात कोणीही सांगेल. मी सांगणार नाही. ते माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे माझे जेठ. त्यांच्या मोठ्या मनाचा खर्च आजवर कोणाकोणाच्या घरातून गेला, ते मला माहीत आहे.

शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. तिथून मिशनच्या वसतिगृहात आले, दहावी झाले, एसटीत कंडक्टर लागले. धुळे-अमळनेर गाडीवर त्यांनी जन्म काढला. एखाद्या म्हातारीकडे पैसे कमी पडले तर स्वतःच्या खिशातून तिकीट फाडायचे. डेपोत मात्र त्यांचा भरणा कधी रुपयाने चुकला नाही. म्हणजे हिशोब येत नव्हता, असं नाही. एसटीचा पैसा आपला नव्हे, हे त्यांना पक्कं कळत होतं. भावाचा पैसाही आपला नसतो, एवढंच कधी कळलं नाही.

चर्चच्या कंपाउंडच्या भिंतीत त्यांच्या नावाची फरशी बसवलेली आहे. निवृत्तीची रक्कम हातात आली त्याच महिन्यात त्यांनी ती भिंत बांधून दिली. त्यांच्या स्वतःच्या घराच्या पत्र्याला तेव्हाही भोक होतं, आजही आहे. त्यांची बायको दगडीबाई पावसाळ्यात चूल या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवते. कोणी काही बोललं की आबा हात वर करून म्हणतात, "देव दी." देव देतो, हे मीही मानते. पण आमच्या घरात तो पगाराच्या रूपाने देतो, आणि पगार शाळेत शिकवून मिळतो. एक तारखेला आम्ही देवाचा दशमांश, पगाराचा दहावा हिस्सा, काढून पाकिटात ठेवतो. मग हप्ता, किराणा, फी. उरलं तर आणखी दान. हे कोरडं वाटत असेल तर वाटू दे.

दोन वर्षांपूर्वी आबांनी मुलाच्या लग्नात अख्ख्या गावाला जेवण घातलं. त्यासाठी माझ्या नवऱ्याने, प्रेमराजने, शिक्षकांच्या पतपेढीतून तीस हजार काढून दिले. हप्ते आमच्याच पगारातून जात होते. आबांना एसटीकडून जुन्या पगारवाढीच्या फरकाची रक्कम यायची होती. ती आली की तुमचे पैसे आधी, असं त्यांनी आमच्या ओट्यावर बसून सांगितलं. मी आत होते. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको जेठासमोर बोलत नाही. कॉलेज शिकूनही मी हा रिवाज पाळला. काही सांगायचं तर आम्ही दोघं प्रेमराजच्या मार्फत बोलायचो, मधे बसलेला तो फोन असल्यासारखा.

या वर्षी आमच्या मुलीचा, कामिनीचा, जळगावच्या नर्सिंग कॉलेजात नंबर लागला. फी भरायला बुधवारपर्यंत मुदत होती. फरक शनिवारी आबांच्या खात्यात आला. त्यांनी निरोप पाठवला की रविवारी हंगामाच्या सणाला पैसे आणतो, तिथेच घ्या. आम्ही दुसरीकडे कुठेही हात पसरला नाही. आमची चूक तीच.

हंगामाच्या सणाला आमच्याकडे लोक शेतातलं, परसातलं आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. वस्तूची किंमत कोणी बघत नाही. दहा रुपयांची कोथिंबीर पाचशेला जाते आणि घेणारा ती पुन्हा लिलावाला ठेवतो. पैसा देवाचा, आनंद सगळ्यांचा. मला हा सण आवडायचा.

मी मागच्या बाजूला दगडीबाईबरोबर पुऱ्या लाटत होते. तिने हळूच सांगितलं की तुमच्या पैशांचं पाकीट त्यांच्या खिशात आहे, मी स्वतः घालून दिलंय. मला एकदम हलकं वाटलं. तेवढ्यात रावेरहून आलेल्या केळीच्या घडाचा पुकारा झाला.

झुलाल ठेकेदाराने पाचशे म्हटलं. आबांनी हजार. झुलालची जीभ तिखट आहे. त्याने दोन हजार म्हणत विचारलं, "काय कंडक्टर, पुढचा स्टॉप घेणार का उतरणार?" सगळे हसले. आबाही हसले आणि पाच हजार बोलले. तिथून दोघंही थांबेनात. पोरं टाळ्या पिटत होती. दहा हजारांच्या पुढे हसू कमी झालं. मी लाटणं घेऊन दारात आले. समोर बसलेला प्रेमराज खाली मान घालून सतरंजीचे दोरे काढत होता. तेव्हा मला त्याचा आबांपेक्षा जास्त राग आला. चोवीस हजार, झुलाल म्हणाला. आबा उभे राहिले. पंचवीस. त्यांनी पाकीट काढलं, नोटा मोजल्या आणि दानाच्या ताटात ठेवल्या. लोकांनी हालेलुया म्हटलं.

मी पुढे गेले. चर्चच्या पाळकसाहेबांना म्हणाले, "हे पैसे यांचे नाहीत. माझ्या मुलीच्या फीचे आहेत."

आबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. भावाला म्हणाले, "प्रेमराज, तुन्या घरमा सांग, हाई देवनं घर शे, पतपेढी नही."

प्रेमराजने सतरंजीचा आणखी एक दोरा काढला. मग मीच जेठांकडे तोंड करून बोलले, लग्नानंतर पहिल्यांदा. "देवाचं घर आहे, म्हणूनच तर सांगितलं. दुसऱ्याचा पैसा तुम्ही एसटीत कधी दान केला नाही. इथे कसा केलात?"

कोणीतरी मागून म्हणालं की बाईला लाज नाही. पाळकसाहेब घाम पुसत होते. तेवढ्यात दगडीबाई आली, पिठाच्या हातांनी. तिने ताटातल्या नोटा उचलल्या, नवऱ्याच्या हातातलं पाकीट ओढून घेतलं, नोटा त्यात भरल्या आणि ते माझ्या हातात दिलं. नवऱ्याला एवढंच म्हणाली, "घरना पत्राकडे मी कधी बोट दाखाडं नही. पोरना पैसा शेत ह्या."

पाळकसाहेब तरुण आहेत. मला वाटलं, आता तेही कच खातील. पण ते म्हणाले, "ज्याचं आहे त्याला जाऊ द्या. देव थांबेल. कॉलेज थांबणार नाही." मग त्यांनी झुलालकडे वळून विचारलं की घड आता तुमचा ना, चोवीस हजाराला? झुलाल म्हणाला, आपण तर गंमत करत होतो. शेवटी घड पाचशेला गेला.

फी मंगळवारी भरली. त्यानंतर आबा आमच्या ओट्यावर आलेले नाहीत. चर्चमध्ये माझ्या शेजारी दगडीबाई सोडून कोणी बसत नाही. देवाच्या ताटातून पैसे काढणारी बाई, हे माझं नाव झालं आहे. भिंतीवरच्या फरशीवर आबांचं नाव आहे तसंच आहे. लोक म्हणतात, माफी मागा, थोरले आहेत. मी मागणार नाही. त्यांनी दिलं असतं आणि स्वतः उपाशी राहिले असते, तर मी पाया पडले असते. ते देतात आणि उपाशी दुसरे राहतात.

आज जेवणं झाल्यावर कामिनीचा जळगावहून फोन आला. मेसचे पैसे तिने खोलीतल्या मुलीला गावी जायला दिले. मी विचारलं, आता तू काय खाशील? ती हसली आणि म्हणाली, देव देईल.

आवाज हुबेहूब आबांचा. घरात सगळे झोपलेत. मी मेसचे पैसे पाठवले. तिला नाही, थेट मेसवाल्याच्या खात्यावर. आणि तिला लिहिलं की हे पैसे माझे आहेत, परत करायचे आहेत.