फडक्याखालचा सौदा

ओल्या फडक्याखाली फुगणाऱ्या पिठाला एक आवाज असतो. काठवटीशी कान नेला की आत कुणी हळूच ओठ मिटतं-उघडतं आहे असा भास होतो. बारीक बुडबुडे फुटतात आणि खमीर म्हणून घातलेल्या ताडीचा आंबटगोड दरवळ नाकाशी येतो. नंदुरबारच्या स्टेशनावर डोक्यावर टोपली घेऊन पाव विकत हिंडलो, मग स्वतःची भट्टी घातली. इतक्या वर्षांत त्या आवाजाइतकं आश्वासक मी दुसरं काही ऐकलं नाही. त्यात माझी भाकरी होती म्हणून? असेलही. मी काही साधुपुरुष नाही.

लढाईच्या दिवसांत साखर परवान्यावर गेली. समोरच्या हलवायाला ती मिळत राहिली, मला चिमूटभरही नाही. का, ते मला ठाऊक आहे आणि मी ते विसरणार नाही. पण तो राग घटकाभर बाजूला ठेवतो. पावाच्या पिठात साखर पडेनाशी झाली, एवढंच इथं सांगायचं. आणि नेमकी त्याच आठवड्यात सारंगखेड्याच्या घोडेबाजारासाठी पावाची मोठी मागणी मी अंगावर घेतलेली. भर दुपारी पीठ मळलं, ताडी ओतली, फडकं टाकलं. पीठ नेहमीसारखं फुगू लागलं आणि अर्ध्या वाटेवर गप्प झालं. बुडबुडा नाही, हालचाल नाही. जणू मेलंच!

ताडी आणणारा रूपजी दारातच बिडी ओढत बसला होता. नवापूरकडचा हा वयस्कर माणूस वर्षानुवर्षं सकाळच्या गाडीनं मडकी घेऊन यायचा. ‘पाणी घातलंस ताडीत!’ म्हणून चारचौघांत मी त्याच्यावर तुटून पडलो. त्यानं शांतपणे बिडी विझवली. ‘ताडी तीच शे, शेठ. साखर तू बंद करी. मन्हं नाव कसाले लेस?’ रिकामी मडकी उचलून तो चालू लागला, तो पुन्हा आलाच नाही. मी संतापानं अर्धं पीठ उकिरड्यावर फेकलं. उरलेलं फेकायला हातांत बळ राहिलं नाही, म्हणून ते वाचलं.

दिवेलागणीला आत गेलो, तर काय पाहावं! काठवटीवरचं फडकं घुमटासारखं वर उचललं गेलं होतं आणि आतून तोच आवाज, पूर्वीपेक्षा जोरकस, येत होता. अर्धी मागणी त्यावर भागली. दुसऱ्या दिवशी पाहतो तो उकिरड्याच्या उबेत फेकलेलं पीठही टम्म फुगून माझी थट्टा करत बसलेलं.

हायस्कुलात विज्ञान शिकवणारे एक मास्तर माझं रोजचं गिऱ्हाईक. त्यांना हे सांगितलं तर ते हसत सुटले. ‘शेठ, तुमचं खमीर मेलं नव्हतं, अवजारं घडवत होतं!’ खमिरातल्या सूक्ष्म जीवांना ताडीतली साधी साखर आयती पचते, धान्यातली साखर मात्र निराळी. ती आत ओढून घ्यायला आणि फोडायला निराळी अवजारं हवीत. ती घडवण्याची विद्या त्यांच्यापाशी उपजतच असते, पण सोपी साखर शिल्लक असेतो ते तिला हात लावत नाहीत. सोपी संपली की थांबतात, नवी अवजारं घडवतात आणि पुन्हा कामाला लागतात. ‘त्यांना हे सांगतं कोण?’ मी विचारलं. ‘ते अजून विद्वानांनाही नीट उमगलेलं नाही,’ मास्तर म्हणाले.

काय हा काटेकोर व्यवहार! गरजेआधी अवजार घडवायचं नाही आणि गरज पडल्यावर रडत बसायचं नाही. साखर त्यांचीही बंद झाली होती आणि माझीही. त्यांनी थांबून नवी कला बाहेर काढली, मी एका भल्या माणसाला चोर ठरवलं. दोघांत डोळस कोण?

आणि मला तरी मौन वाचता येत नव्हतं का? सारंगखेड्याला घोड्याचा सौदा उपरण्याखाली होतो. हातात हात, बोटांनी भाव, ओठ बंद. समोरचा गप्प झाला की तो उठून चालला नाही, आतल्या आत ठरवतो आहे, हे तिथं पाव विकताना मी शंभरदा ओळखलं होतं. उपरण्याखालचं मौन कळणाऱ्या मला फडक्याखालचं कळू नये!

नवापूरची गाडी पकडली. रूपजी अंगणात मडकी धूत होता. ‘चुकलो, काका,’ म्हटलं. तो मडकी धूतच राहिला. एरवी मी आवाज चढवला असता. त्या दिवशी उपरणं पसरून त्याखाली हात पुढे केला आणि थांबलो. ऊन एका झाडावरून दुसऱ्यावर गेलं. मग एक खरखरीत हात आत आला. बोटांनी जुन्या भावापेक्षा बराच चढा भाव सांगितला. माझी जीभ शिवशिवली, पण मी तो हात घट्ट दाबला. रूपजी चमकला. ‘भाव करस नई का, शेठ?’ मी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

आता सकाळच्या गाडीनं ताडी येते. साखर अजून येत नाही, हलवायावरचा माझा राग शाबूत आहे. दुपारी पीठ मध्येच गप्प होतं. मी कान काठवटीशी तसाच ठेवतो.