नेलिदाची गढूळ बिअर

एल बोल्सोन गावच्या शनिवारच्या बाजारात नेलिदाची घरची बिअर खपायची ती नितळपणामुळे. शेजारीच मी मुरंबे मांडायचे. ऊन आलं की तिच्या ग्लासातून पलीकडचा डोंगर दिसायचा. त्या उन्हाळ्यात मात्र बिअर गढूळ निघायला लागली.

"काय गं, पीठ कालवलंस का यात?" एक जुनं गिऱ्हाईक हसत म्हणालं आणि अर्धा ग्लास तसाच ठेवून गेलं.

नेलिदाने काही करायचं बाकी ठेवलं नाही. नळ्या उकळल्या, जव बदलले, नवं यीस्ट आणलं, जिलेटिन घालून पिंपं गार खोलीत ठेवली. गाळ खाली बसायचा, वर छान निवळायचं. आणि बाजाराच्या दिवशी बघावं तर पुन्हा ढवळल्यासारखं.

"कुणी पिंपांना हात लावतंय का?" मी विचारलं.

"घरात आहे कोण? मी आणि दादा," ती म्हणाली, आणि तिने हातातला ग्लास खाली ठेवला.

एवारिस्तो तिचा थोरला भाऊ. तेलाच्या विहिरींवर कामाला होता. दारूपायी नोकरी गेली, बायकोही गेली. व्यसनमुक्ती केंद्रातून नेलिदानेच त्याला घरी आणलं होतं. सरपण फोडायचा, कोंबड्या बघायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

शुक्रवारी नेलिदाने पिंपातला घोट चाखला. पाणचट. ती तडक अंगणात गेली. आमचं घर शेजारीच, मी कुंपणाशीच होते.

"दादा, पाणी किती ओतलंस?"

कुऱ्हाड ठेवून तो ओंडक्यावर बसला. "काढली तेवढंच."

"वरून पाणी ओतलं की गाळ उठतो. एवढंही कळलं नाही तुला?"

"कळत होतं गं. वाटायचं, आज तू विचारशील, मग सांगून टाकू. तू आपली नळ्याच उकळत बसलीस."

नेलिदा आत गेली. तिने पिंपं ओढत बाहेर आणली आणि झुडपांत उलटी केली. शेवटचं जड होतं, ते त्यालाच धरायला लावलं. सोमवारच्या बसने ती त्याला पुन्हा केंद्रात सोडून आली.

आता ती बाजारात अंडी विकते. बिअरचं कुणी विचारलं की म्हणते, "जमत नाही आता नीट."

पानगळ लागली तेव्हा एवारिस्तो परतला. बरा दिसतो. पण त्याला बाहेरून यायला जरा उशीर झाला, की बोलता बोलता नेलिदाचं लक्ष उडतं आणि ती रस्त्याकडे बघत राहते.