आधी धाकट्याने बोलायचं

तारकरबाई डॉक्टरांना सगळ्यात शेवटी विचारत. पिंपरीच्या आमच्या कारखान्याच्या दवाखान्यात त्या मुख्य परिचारिका होत्या, आणि फुटबॉल संघातलं कोण मैदानात उतरेल हे ठरवण्याची रीत त्यांचीच. सामन्याआधी आम्ही एकेक खेळाडू तपासत असू: पट्ट्या बांधणारी मी, मालिश करणारे बाबू पैलवान आणि डॉक्टर. एकानेही ‘नको’ म्हटलं की तो खेळाडू बाहेर. पहिली बोलायची मी, कारण सगळ्यांत लहान.

“डाक्टर बोलले की सगळ्यांच्या तोंडाक कुलूप पडता,” कोकणातल्या बाई म्हणत. “आधी तू सांग गो.”

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. चारचौघांत मराठी बोलताना जीभ अडखळे. मी नुसती मान हलवी. बाई ते उत्तर धरत नसत.

अंतिम सामन्याच्या दिवशी संघातला चाकणकडचा हंगामी कामगार दत्तू बाकावर येऊन बसला. आधीच्या सामन्यात त्याचा गुडघा मुरगळला होता. दाराशी मॅनेजरसाहेब घड्याळ बघत उभे होते. जिंकलो तर दत्तूला कायम करू, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं.

“ताई, नुसतं हो म्हना,” दत्तू पुटपुटला. “न्हाई खेळलो तर घरी बसावं लागंल.”

“खेळंल की! पाय गरम केलाय म्या,” पैलवान मधेच बोलले.

“तुमची पाळी येऊंदे, पैलवान.” बाई माझ्याकडे वळल्या.

सूज उतरली होती. पण दवाखान्याची पायरी दत्तू आडव्या अंगाने, दुखरा पाय ताठ ठेवून चढला होता. ते मी पाहिलं होतं.

“नको,” मी म्हणाले. “गुडघा वाकत नाहीये त्याचा.”

दत्तूने हातातली पट्टी माझ्या पायाशी फेकली. साहेब डॉक्टरांवर डोळे रोखून पुढे आले. बाई मधे उभ्या राहिल्या.

“साहेबानू, काय बोलायचा तां माका बोला.”

आम्ही हरलो. दत्तूची नोकरी गेली. कासारवाडीला कुठे तरी तो कामाला लागला. रस्त्यात दिसला तर तोंड फिरवी. खेळला असता तर पाय गेला असता, की आम्ही जिंकलो असतो? मी बाईंना विचारलं.

“आपल्या कामाचो पुरावो नसता, गो,” एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवशी जेवल्या मात्र नाहीत.

निवृत्त होऊन बाई गावी निघाल्या, तेव्हा मी त्यांना पुण्याच्या लोकलवर पोचवायला कासारवाडी स्टेशनवर गेले. गाडी हलली. इतक्यात फलाटावरून पिशवी छातीशी धरून एक माणूस सुसाट आला आणि पुढच्या डब्यात उडी मारून चढला. दत्तू.

बाई दारातून अर्ध्या बाहेर आल्या होत्या.

“बघलंस गो?” त्या गाडीच्या आवाजावर ओरडल्या. “धावता तो!”