दोरीने बांधलेला दुसरा भाग
ओल्या काजूचा चीक हाताला लागला की तसाच चिकटून राहिलेला लेकीचा तो उड्यांचा व्हिडिओ गेम आठवतो. पहिला भाग एकट्याने खेळायचा. दुसऱ्यात आम्ही दोघं एका दोरीला बांधलेले. चित्र अडकायचं, उडी उशिरा बसायची, आणि पडलं की पुन्हा पहिल्यापासून. एका रात्री असेच खेळायला बसलो; दुसऱ्या दिवशी ती नोकरीसाठी मुंबईला निघणार होती, त्याआधी शेवटचा कडा चढायचाच होता. "बाबानू, येतंय हां!" ती म्हणाली. आमच्याकडे निघतानाही 'येतंय'च म्हणतात, म्हणून ही पाणी प्यायला उठतेय असं समजून मी बटणं सोडून चहा उचलला. तिने उडी मारली आणि दोघंही दरीत! "बाबानू, मी खराच तुमच्याकडे येय होतंय!" ती पोट धरून हसली. लोक त्या गेमला नावं ठेवतात, ठेवोत. आमचा कडा अजून राहिलाय, म्हणून सुट्टीला आल्यावर लेक बॅगेआधी तो गेमच उघडते.