फोटोवाली झाडी

“मोघे, आपके एक पत्ते ने मेरा फिलिंग सेक्शन रोक रखा है. फौरन आइए.”

फोन वर्क्स मॅनेजर सक्सेना साहेबांचा होता. मी नर्सरीत कुंड्या भरून घेत होतो. साहेब थट्टा करणाऱ्यांतले नव्हते. हात धुतले आणि सायकल काढली.

एकाहत्तरचा डिसेंबर होता. लढाई सुरू झाली होती. जबलपूरला, रांझीकडच्या एका संरक्षण कारखान्यात मी हॉर्टिकल्चर सुपरवायझर होतो. म्हणजे इस्टेटमधली झाडं, लॉन आणि नर्सरी माझ्याकडे. फिलिंग सेक्शन म्हणजे तोफगोळ्यांच्या रिकाम्या कवचांत स्फोटक भरण्याची जागा. तिथल्या भानगडीत बागकामवाल्याला कोणी बोलावत नाही.

साहेबांनी केबिनमध्ये थोडक्यात सांगितलं. ठोंबरे नावाच्या कामगाराशेजारी बसायला शिफ्टमधलं कोणी तयार नव्हतं. त्याचा जोडीदार भगीरथ सकाळी बेंचवरून उठून उभा राहिला होता. म्हणाला, सस्पेंड करा, पण मी याच्याबरोबर बसणार नाही. कारण एकच. गेटजवळच्या झुडपावर ठोंबरेचा ‘फोटो’ आला होता.

ते झुडूप मी लावलेलं होतं. त्याचं नाव ग्रॅप्टोफायलम. उष्ण आणि दमट प्रदेशातलं, बारमाही हिरवं राहणारं. पान हिरवं आणि मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळट डाग. डागाचा आकार प्रत्येक पानावर वेगळा असतो, आणि पुष्कळदा तो बाजूनं पाहिलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसतो. कपाळ, नाक, हनुवटी. म्हणून इंग्रजी बागकामात याला व्यंगचित्राचं झाड म्हणतात. रोपं कलकत्त्याहून आणली होती. पुढची सगळी मी कटिंगनं वाढवली, म्हणजे फांदीचे तुकडे वाळूत खोचून. अर्धी सावली, ओलसर माती आणि थंडीपासून आडोसा एवढं दिलं की हे झाड काही मागत नाही.

आडोसा त्या वर्षी मिळाला नाही. दर हिवाळ्यात आम्ही या कुंपणाला बारदानाचे पडदे बांधत असू. लढाई लागली तशी इस्टेटमधली सगळी पोती वाळू भरायला गेली. कुंपण उघडं राहिलं. पानाचा पिवळा भाग हिरव्यापेक्षा नाजूक असतो. थंडी लागली की आधी तोच करपतो आणि त्यावर तपकिरी ठिपके पडतात. चेहरे आधीपासून होते. त्या डिसेंबरात त्यांना डोळे आले.

गेटवर तेव्हा येता-जाता कडक तपासणी होती. बिडी-माचीससाठी झडती, मग पासवरचा फोटो आणि समोरचा चेहरा ताडून पाहणं. रांग लांब लागे. माणसं हातात स्वतःचा फोटो धरून कुंपणाशेजारी उभी असत. बघायला दुसरं काही नव्हतं. कोणीतरी कुंपणाला ‘फोटोवाली झाडी’ नाव दिलं. मग कोणीतरी म्हणालं, ज्याचा फोटो झाडीवर आला त्याचा ‘ऊपर का पास’ बनला. हे आधी हसण्यावारी गेलं. पान तोडायला मात्र कोणी हात लावेना.

मी ते पान पाहून आलो. ठोंबरेचं नाक तरुणपणी कबड्डीत मोडलं होतं, मधोमध डावीकडे वाकलेलं. पानावरच्या डागाला तसंच नाक होतं. वर बरोबर जागी एक तपकिरी डोळा. साम्य होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

“आज के आज उखाड़ फेंकिए,” साहेब म्हणाले.

“उखाड़ दिया तो लोग कहेंगे, साहब को भी यकीन हो गया,” मी म्हणालो.

“तो क्या पूजा करूँ उसकी? मोघे, वहाँ बारूद है. आदमी का हाथ काँपा तो पूरा शेड जाएगा.”

खरा प्रश्न हाच होता. पानानं कोणी मरत नाही. थरथरत्या हातानं मरतं, आणि तेही एकटं नाही. ठोंबरेला दुसरीकडे हलवलं असतं तर सगळ्यांनी तो गेलाच असं धरलं असतं. त्यानंही.

मी त्याला नर्सरीत बोलावलं. तो नागपूरकडचा, पण बाप रेल्वेत असल्यानं जबलपुरातच वाढलेला. चाळिशीचा, अंगानं काटक, सेक्शनमधला सगळ्यात फटकळ माणूस. त्या दिवशी तो दारातच उभा राहिला. उजवा हात त्यानं डाव्या हातानं धरून ठेवला होता.

“बसा, ठोंबरे.”

“बसत नाही, साहेब. बसलो का लोकं उठून राहिले.”

मी हसलो.

“काहून हसून राहिले? माह्या घरी येऊन पाहा. बायको रोज गोडाचं करून राहिली. काल शिरा, परवा खीर. म्हटलं, काहून वं, सण आहे काय? तर म्हणे, असंच. अन् डोळे पुसते.”

मी त्याला झाडाची सगळी माहिती सांगितली. डाग, थंडी, करपणं. 

“ते समजलं. पण हाताला कसं समजावू?” त्यानं डाव्या हाताची पकड सोडली. उजव्याची बोटं हलत होती.

मग मी त्याला कुंपणापाशी नेलं आणि इतर पानं दाखवली. प्रत्येकावर कोणी ना कोणी होतं. एकावर जाड मान, एकावर बसकं नाक. तो खूप वेळ पाहत राहिला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा नेहमीचा फटकळपणा परत आला.

“साहेब, इथं तर सारी शिफ्टच आहे,” तो म्हणाला. “उद्या दुपारी सुटीच्या वेळी इथं राहा. सक्सेना साहेबांनाही आणा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी रांग लागली तेव्हा ठोंबरे कुंपणासमोर उभा होता. सक्सेना साहेब आणि मी गेटच्या आतल्या बाजूला होतो.

“आओ भैया, आओ!” तो ओरडला. “आज सबका पास बँट रहा है. भगीरथ, ये देख. मूँछ पहचानता है?”

भगीरथ मागे सरकला. रांगेतल्या दोघांनी वाकून पाहिलं. मिशी होती.

“अरे दादा, ये तो सच में भगीरथ है!”

“और ये? दो-दो ठुड्डी! सलाम करो, साहब हैं.”

सगळ्यांनी आधी साहेबांकडे पाहिलं. साहेब पुढे आले, पान पाहिलं, हनुवटी चाचपली आणि म्हणाले, “हाँ भई, मैं ही हूँ.” तेव्हा रांग फुटली. माणसं हसत होती, एकमेकांना ढकलत होती, स्वतःला शोधत होती. ठोंबरे एकेक पान दाखवत पुढे जात होता. भगीरथही हसला. मला वाटलं, काम झालं.

कुंपणाच्या टोकाला ठोंबरे थांबला. तो वाकला. अगदी तळाचं एक पान त्यानं बोटानं वर उचललं आणि पाहत राहिला. मग त्यानं कानटोपी काढली.

हसणं थांबायला थोडा वेळ लागला.

“किसका है, दादा?” भगीरथनं विचारलं.

ठोंबरेनं पान सोडलं. मागे वळून रांगेवरून एकदा नजर फिरवली. कोणावर थांबली असं मला दिसलं नाही. नंतर रांगेतल्या प्रत्येकानं सांगितलं की ती त्याच्यावर थांबली होती.

“कोई नहीं,” तो म्हणाला. टोपी घातली. “चलो, टाइम हो गया.”

पुढच्या शिफ्टपासून ठोंबरे बेंचवर बसला. भगीरथ त्याच्या शेजारी बसला, कारण आता ठोंबरेला सोडून जाण्यात काही फायदा नव्हता. ठोंबरेचा हात स्थिर होता. साहेबांनी स्वतः उभं राहून पाहिला. पण सेक्शनमधलं बोलणं बंद झालं. माणसं एकमेकांकडे पाहत, मग स्वतःच्या हातांकडे. भगीरथ सुटीनंतर कुंपणाच्या टोकाशी गुडघ्यांवर बसलेला मी पाहिला. तो पान उलटायला धजत नव्हता. नुसता खाली पाहत होता.

एकदा सक्सेना साहेबांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलले. वाळूची पोती कधी परत मिळतील वगैरे. मग म्हणाले, “मोघे, वो नीचे वाला पत्ता... उसकी ठुड्डी कैसी थी?”

मी म्हणालो, “मैंने ध्यान नहीं दिया, साहब.”

लढाई फार दिवस चालली नाही. कामाचा जोर उतरला. त्या हिवाळ्यात सेक्शनमध्ये अपघात झाला नाही. फोटोवाल्या झाडीमुळे कोणाचं काही बरंवाईट झाल्याचं माझ्या माहितीत नाही. थंडी सरल्यावर कुंपण उपटून नर्सरीच्या मागे नेण्याचा हुकूम आला. हुकमावर कारण दिलेलं नव्हतं.

उपटण्याच्या दिवशी ठोंबरे आपणहून आला. त्याचं स्वतःचं पान तोवर गळून गेलं होतं. माणसं खणत होती, आम्ही बाजूला उभे होतो. मी त्याला सरळ विचारलं.

“त्या पानावर कोण होतं?”

“कोणी नाही, साहेब. कोरं पान होतं.”

“मग टोपी कशाला काढली?”

“सारे हसले, घरी गेले, दुसऱ्या दिवशी पुन्हा माह्याच नाकावर आले असते. मला पक्कं माहीत होतं. म्हणून एक पान ठेवलं त्यांच्याजवळ. ज्यानं त्यानं आपापलं पाहावं.” त्यानं उजवा हात पुढे केला. “माहा हात तर थांबला नं?”

हात थांबला होता. मी मान हलवली.

ठोंबरेनं टोपी काढली त्या दुपारी, गर्दी गेल्यावर मी कुंपणाच्या टोकाशी जाऊन तळाची सगळी पानं उलटून पाहिली होती. त्यात कोरं पान नव्हतं, प्रत्येकावर कोणी ना कोणी होतं. हे मी ठोंबरेला सांगितलं नाही. सांगून त्याचा हात पुन्हा हलवण्यात कोणाचंच हित नव्हतं.

निवृत्तीनंतर अजूनही लोक विचारतात, गेटपाशी कुंपणाला काय लावावं. मी मेंदी सांगतो. पान बारीक, एकरंगी. कितीही वेळ उभं राहून पाहिलं तरी त्यात कोणी सापडत नाही.