आलं का हातात?

रिक्षाकाका मुलाला उतरवून घेत, त्याचं मनगट धरून फाटकापर्यंत आणत, ते आपल्या हातात देत आणि विचारत, "आलं का हातात?" आपण तोंडाने "आलं" म्हणायचं. नुसती मान हलवून चालत नसे. तुम्ही फोनवर बोलत असलात तर बोलणं संपेपर्यंत ते तसेच उभे राहत, मग मागे रिक्षात बाकीची मुलं कितीही ठणाणा करोत. वारज्यातल्या आमच्या सोसायटीत या सवयीची भरपूर टिंगल व्हायची. बी विंगमधले सरदेसाई एकदा म्हणाले, "काका, सहीसुद्धा घेत चला. कुरिअरवाले घेतात." काका शांतपणे म्हणाले, "कुरियर दारात ठिऊन बी जात्यात. पोरगं म्हंजी पार्सल न्हाय, सायेब."

ते खडकवासल्याच्या पुढच्या एका गावातले. पहाटे उठून, दोन म्हशींचं आटपून, रिक्षा पुसून बरोबर सव्वासहाला आमच्या दारात. रिक्षात मुलं सहा. सातवं कधी घेतलं नाही. इतर रिक्षांतून दहा-दहा मुलं लोंबकळत जाताना दिसत, तेव्हा आमच्यातलेच काही जण त्यांना म्हणत, "एक बसेल हो कडेला." काका म्हणत, "बसंल. पन मला सहाच मोजता येत्यात." शाळेच्या दारात ते मोठ्याने मोजत आणि परत येताना पुन्हा मोजत. मी एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. माझा दिवस नग मोजण्यात जातो, त्यामुळे हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला.

त्यांनी मला एकदाच धडा शिकवला होता. माझा मुलगा तन्मय तेव्हा दुसरीत होता. मला फाटकाशी पोचायला तेवीस मिनिटं उशीर झाला. रखवालदाराने "माझ्याकडे द्या" म्हटलं, तरी काकांनी तन्मयला दिलं नाही. त्याला रिक्षात घालून उरलेल्या चार घरांची फेरी पूर्ण केली आणि परत आणला. मी चिडून म्हणालो, "अहो, रखवालदार रोजचा आहे." काका म्हणाले, "रोजचा आसंल. बाप हाय का?"

रिक्षात तन्मयच्या शेजारी पाच वर्षं एक मुलगी बसत असे. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी, त्याच्याच वर्गातली. तिचं नाव मी लिहिणार नाही. तिच्या बाबतीत जगाला जे दाखवायचं नव्हतं ते पुरेसं दाखवून झालं आहे. काका तिला "बाय" म्हणत. वडील नव्हते. आई बँकेत नोकरीला. डब्यात लाडू असला की अर्धा तन्मयचा, हा त्या रिक्षातला नियम होता.

रिक्षाच्या वेळा कळाव्यात म्हणून मीच पालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. मुलं मोठी होऊन रिक्षातून उतरली, नवी आली, पण ग्रुपमधून कुणी उतरलं नाही. सदस्य त्रेचाळीस झाले. त्यावर चकलीची भाजणी, गुडघेदुखीवरचे उपाय आणि राजकारण येऊ लागलं. काकांचा मात्र रोज एकच निरोप यायचा, त्यांच्या आवाजात: "निघालो."

मुलं दहावीत असताना, परीक्षेच्या बारा दिवस आधी, एका रविवारी सकाळी त्या ग्रुपवर सरदेसायांनी एक फोटो टाकला. तो त्या मुलीचा होता. क्लासमधल्या एका मुलाने विश्वासाने मागितला, तिने विश्वासाने पाठवला आणि भांडण झाल्यावर त्याने तो तीन मित्रांना पाठवला. तो कसला होता हे सांगण्याची गरज नाही. त्याच्याखाली सरदेसायांनी लिहिलं होतं: "पालकांनो सावध व्हा! आपल्याच सोसायटीतली मुलगी. आपल्या मुलांना दूर ठेवा." लगेच हात जोडलेली चित्रं आली. "अरेरे" आलं. एका बाईंनी "संस्कार कमी पडतात" असं लिहिलं. ग्रुपमध्ये त्या मुलीची आईसुद्धा आहे, हे त्रेचाळीसपैकी एकालाही आठवलं नाही.

मी काय केलं तेही लिहितो. मी लिहिलं, "कृपया ग्रुपच्या नियमांनुसार विषयाला धरूनच पोस्ट टाकाव्यात." आणि चहा प्यायलो. फोटो पुसण्याचा अधिकार माझ्या बोटाशी होता आणि मी नियमाची आठवण करून देत बसलो. पन्नास मिनिटांनी काकांचा फोन आला. "सायेब, ती आपली बाय हाय. आधी काढा ते." तेव्हा मी तो काढला.

मुलीच्या आईने त्याच दिवशी पोलिसांत तक्रार दिली. अधिकाऱ्यांनी लागतो तो पुरावा घेतला आणि स्पष्ट सांगितलं, यापुढे ज्याच्या फोनवर हा फोटो सापडेल तो गुन्हेगार, मग तो कितीही सभ्य घरातला असो. सोमवारी संध्याकाळी काका माझ्या दारात उभे. "तुमचं काम मोजायचंच हाय ना? मग चला. कुनाकुनाच्या हातात ग्येलं ते मोजू."

आम्ही एकवीस घरं फिरलो. मी यादी धरायची, काकांनी बेल वाजवायची. लोक फोन काढून फोटो पुसत, तेव्हा काका चपलांच्या कपाटाकडे तोंड करून उभे राहत. इतकी वर्षं ज्यांच्याकडे संस्कारांचा साठा आहे असं मी समजत होतो, त्या घरांतून त्या संध्याकाळी जे ऐकलं त्याची आजही किळस येते. "मी फक्त बहिणीला पाठवला हो, ती नाशिकला असते." "आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, पण नाव नाही लिहिलं." एका निवृत्त शिक्षकांनी तो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला होता, 'जनजागृती' असं नाव देऊन. "मुलींना कळायला नको?" हे वाक्य सात घरांत ऐकलं. "मुलांना कळायला नको?" हे एकाही घरात नाही. सरदेसाई म्हणाले, "मी समाजाच्या भल्यासाठी टाकला. उलट माझे आभार माना." काका कपाटाकडेच पाहत म्हणाले, "पोरगी पान्यात पडली आन तुम्ही काठावर तिकिटं लावली."

जिन्यातच मी बेरीज केली. मुलांच्या हातात असताना फोटो सात फोनांवर होता, एवढं चौकीतून कळलं होतं, नावं नाही. आम्हा मोठ्यांच्या हातात आल्यावर कळला तेवढाच आकडा एकसष्ट. मी आकडा सांगितला. काका म्हणाले, "एक घर राह्यलंय."

"नाही, सगळी एकवीस झाली."

"यादीत तुमचं न्हाय."

मी खोटं बोलत नव्हतो. मला ते खरोखरच सुचलं नव्हतं. जो माणूस कारखान्यात स्वतःची मोजपट्टीसुद्धा महिन्याला तपासून घेतो, त्याने यादी शेजारच्या दारापासून सुरू केली होती.

तन्मय अभ्यासाला बसला होता. मी फोन मागितला. त्याने दिला नाही. मग दिला. त्या तीन मित्रांपैकी एकाने त्याला पाठवला होता आणि त्याने पुढे दोघांना. त्या दोघांतला एक सरदेसायांचा मुलगा. म्हणजे ग्रुपवर आलेला फोटो माझ्याच घरातून निघून, बी विंगला वळसा घालून, माझ्याच ग्रुपवर आला होता.

"बाबा, सगळ्यांकडेच होता," तन्मय म्हणाला. "मी काढला नव्हता. नुसता फॉरवर्ड केला."

काका दारातच होते. ते ओरडले नाहीत. "तिच्या डब्यातला अर्धा लाडू तू पाच वरसं खाल्लास, बाळा," एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले.

तो फोन घेण्यापूर्वी मी अकरा मॉडेलांचा तक्ता केला होता. बॅटरी किती तास, कॅमेरा किती मेगापिक्सेल, काच किती जाड. नंतरच्या चौदा महिन्यांत त्या फोनमध्ये काय येतं, काय जातं, हे मी एकदाही विचारलं नाही. मुलाचं मनगट माझ्या हातात देणारा माणूस रोज मला मोठ्याने विचारत होता आणि मी रोज "आलं" म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी तन्मयला घेऊन मी चौकीत गेलो आणि त्याचं व माझं असं दोघांचंही जे काही होतं ते लिहून दिलं.

ग्रुप मी बंद केला. चाळीस मिनिटांत दुसरा निघाला, मला वगळून.

मुलगी घराबाहेर येत नव्हती. परीक्षेला बसणार नाही म्हणाली. काका तीन मजले चढून गेले आणि बंद दाराशी म्हणाले, "बाय, पेपर हाय ना तुझा? मागली शीट तुझी. पडदा लावलाय. मी हाय." पहिल्या पेपरला ती आली. मग प्रत्येक पेपरला आली. केंद्राच्या दारात काका तिला तिथल्या बाईंच्या हातात देत आणि सुटेपर्यंत बाहेर थांबत. त्यापायी रोजची फेरी बिघडायची, हे कारण लोकांना पुरलं. "रिक्षावाल्याने आमचे फोन तपासायचे?" हे खरं कारण. जूनमध्ये काकांच्या रिक्षात सहाऐवजी दोन मुलं होती. दिवाळीत त्यांनी रिक्षा विकली आणि गावी म्हशींकडे गेले. ज्यांनी फोटो पसरवला त्या सरदेसायांना सोसायटीने त्याच वर्षी सांस्कृतिक समितीवर घेतलं.

पण मला काका आठवतात ते शेवटच्या पेपरच्या दुपारी. मी फाटकाशीच होतो. रिक्षा थांबली. सोळाव्या वर्षात पाय टाकलेल्या त्या मुलीचं मनगट त्यांनी दुसरीतल्या मुलीसारखं धरलं होतं. बँकेतून निघालेली तिची आई अजून पोचली नव्हती. ऊन कडक होतं. मी पुढे झालो, हात केला. म्हटलं, "काका, द्या, मी सोडतो वर."

काकांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या, सायेब," ते म्हणाले. "तिची आई येईल."

मी हात मागे घेतला. सतरा मिनिटं आम्ही तिघे उन्हात उभे होतो. मग तिची आई धावत आली. काकांनी मनगट तिच्या हातात दिलं आणि विचारलं, "आलं का हातात?"

"आलं, काका," आई म्हणाली.